दोन बोटं कमी

जुनी गाडी नव्यानं घरी आणलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रात्री रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, सकाळी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणली आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पाहिलं तर पाणी दोन बोटं खाली. गाडीखाली थेंब नाही, होज पाइप कोरडे, वॉटर पंपही कोरडा. मग तो पुन्हा गळ्यापर्यंत भरतो. पुन्हा फेरी, पुन्हा दोन बोटं कमी. आठवडाभरात कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की हेड गॅस्केट गेलं. इंजिन उघडायच्या खर्चाचा आकडा ठरतो आणि धडधाकट हेडचे नट विनाकारण सैल होतात.

त्या गाडीला काहीही झालेलं नसतं. पाणी २० अंशांवरून ९० अंशांवर तापलं की साधारण ३.४ टक्के फुगतं. इंजिन, होज आणि रेडिएटर मिळून पाच लिटर पाणी धरलं, तर वाढलेलं पाणी होतं १७० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर. रेडिएटर काठोकाठ भरलेला असेल तर या पेलाभर पाण्याला जागाच नसते. ते झाकणाचा व्हॉल्व्ह उचलतं आणि गळ्याच्या बाजूला झाळलेल्या बारीक नळीतून बाहेर पडतं. आजच्या गाडीत ही नळी प्लास्टिकच्या बाटलीत जाते. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत ती रेडिएटरच्या कडेनं खाली उतरून थेट रस्त्याकडे उघडते. पाणी सांडतं ते गाडी धावत असताना, त्यामुळे मालकाला ते दिसतच नाही. इंजिन निवलं की उरलेलं पाणी आकसतं आणि वर दोन बोटं जागा मोकळी राहते. ती मोकळी जागा गाडीला हवी असते. रेडिएटर बनवणाऱ्यानं वरची टाकी उंच ठेवली ती त्यासाठीच.

तेव्हा जुन्या गाडीत पाण्याची पातळी आपण ठरवायची नसते. गाडीनं ठरवलेली पातळी आपण वाचायची असते, आणि हातात पाण्याचा डबा घ्यायचा तो वाचून झाल्यावर. हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण ज्यांच्या ही गोष्ट अंगवळणी पडली होती ती माणसं आता स्टिअरिंगवरून उतरली आहेत.

त्यांतली निम्मीअधिक पद्मिनीवाली असतील. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं ११०० ही गाडी बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ही गाडी मे महिन्यातल्या दादर-परळच्या गर्दीत दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या त्या हौसेनं सांभाळलेल्या घरगुती गाड्या. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, म्हणजे पहिल्या पद्मिनी त्या रांगेत येऊन उभ्या आहेत. त्या घेणारी तरुण मुलं बाटलीवाल्या गाड्यांवर शिकलेली. बॉनेट उघडलं की त्यांचे डोळे किमान आणि कमाल अशा दोन रेघा शोधतात, आणि इथे रेघच नसते.

पाणी कमी होणं हा पहिल्या मोटारीत दोष नव्हताच, गाडी थंड ठेवायची ती रीतच होती. कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर मिळेल तिथे थांबून पाणी भरत जावं लागलं. तेच पाणी परत परत वापरायचं तर ते हवेनं निववायला हवं. विल्हेल्म मायबाखनं १९००च्या सुमारास पहिल्या मर्सिडीजसाठी केलेल्या रेडिएटरमध्ये सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या होत्या, आठ हजारांवर, एकमेकींना झाळलेल्या, आणि मागे पंखा. आधी अठरा लिटर लागणारं पाणी त्यामुळे नऊ लिटरवर आलं. गाडी हलकी झाली, पण पाणी निम्म्यावर आल्यावर त्यातला एक पेला कमी होणं आधीपेक्षा दुप्पट महाग पडू लागलं.

पातळीचं महत्त्व सगळ्यात स्पष्ट दिसतं ते फोर्डच्या मॉडेल टीमध्ये. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या या गाडीला सुरुवातीचा छोटा लॉट सोडला तर वॉटर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून जड होतं, खाली उतरतं, आणि या चढउतारावरच पाणी फिरत राहतं. मात्र त्यासाठी वरच्या पाइपाच्या तोंडावर पाणी असावंच लागतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की साखळी तुटली. रेडिएटर पाऊण भरलेला असतो आणि इंजिन उकळत असतं. असली गाडी रॅलीला नेणाऱ्यानं सकाळी पेट्रोलच्या आधी पाणी बघावं, एवढं ते निर्णायक आहे. पंपाच्या गाडीत एवढी कडक अट नसते. तिथे वरच्या टाकीत डोकावल्यावर कोअरच्या नळ्यांची तोंडं पाण्याखाली बुडालेली असली की पुरे. ती उघडी पडली की पाण्याबरोबर हवाही फिरते, फेस होतो, आणि फेसाला उष्णता वाहून नेता येत नाही.

झाकणाकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. ते नुसतं झाकण नाही, प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम ते करतं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं. सात पाउंडाचं झाकण असेल तर तेच पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगचा, दाब वाढला की बाहेर सोडणारा. दुसरा त्याच्या मध्यभागी, बटणाएवढा, इंजिन निवताना आत हवा घेणारा. हा छोटा चिकटून बसला की रात्रीतून वरचा होज चपटा होतो. सकाळी बॉनेट उघडल्यावर होज पोटात गेल्यासारखा दिसला तर होज बदलायला धावू नये, आधी झाकण बघावं. मोठ्या व्हॉल्व्हचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल तर पाणी लवकर उकळतं आणि रोज थोडं थोडं बाहेर जातं. थोड्या पैशांच्या झाकणापायी हजारोंची कामं निघालेली दिसतात. आणि याच्या उलट, गाडी तापते म्हणून सातच्या जागी पंधरा पाउंडाचं झाकण लावणं हा त्याहून वाईट उपाय. पन्नास वर्षांपूर्वीचे झाळलेले जोड तेवढ्या दाबासाठी केलेलेच नव्हते. टाकीची शिवण तरी उसवते, नाही तर हीटरची नळी फुटते.

आता पातळी वाचायची कशी? गाडी सपाट जागी, इंजिन रात्रभर निवलेलं. झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत बघायचं. एकदाच, मुद्दाम, गळ्यापर्यंत भरायचं. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवायचा आणि हळूहळू ओतायचं, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणायची आणि पुन्हा रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पाणी जिथे असेल ती तिची पातळी. बांबूची एक पातळ कामटी गळ्यातून अलगद सोडायची, नळ्यांना टेकली की थांबायचं, ओल कुठवर आली तिथे चाकूनं खाच पाडायची. लोखंडी सळई आत घालायची नाही, पितळी नळ्या नाजूक असतात. यापुढे दर आठवड्याला आणि लांबच्या प्रवासाआधी ती कामटी काढायची. ओल खाचेवर आली तर झाकण लावून टाकायचं, पाव पेलाही ओतायचा नाही. ओल खाचेच्या खाली, तरीही नळ्या बुडालेल्या, असं असेल तर तारीख लिहून ठेवायची आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा बघायचं. खाच दर आठवड्याला उंच उंच वाटायला लागली तरच गाडी खरोखर पाणी खाते आहे.

ते कुठे जातं हे शोधताना घाई नको. वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की त्यातून थेंब यावा म्हणूनच ते ठेवलेलं असतं. ते भोक एम-सीलनं बुजवलेली गाडी दिसली की वाईट वाटतं, कारण सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं जातं आणि पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं. होज क्लिपखाली पांढरट किंवा हिरवट पापुद्रा असेल तर गळती गरम असतानाच होते, थंडपणी ती दिसणार नाही. पुढच्या सीटखालचा गालिचा ओलसर आणि काच आतून धुरकट, म्हणजे हीटर. हे सगळं कोरडं निघालं तरच हेड गॅस्केटचा विचार करावा. थंड इंजिन झाकण काढून चालू केलं आणि गळ्यात पहिल्या मिनिटापासून एकसारखे बुडबुडे येत राहिले, ऑइलच्या कांडीवर दुधाळ साय दिसली, सायलेन्सरमधून पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर संशय खरा. खात्रीसाठी एक निळं रसायन मिळतं. गळ्यावरची हवा त्यातून ओढली आणि त्यात सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड असला की ते पिवळं पडतं. इंजिन उघडण्याआधी ही चाचणी करून मागण्याचा प्रत्येक मालकाला हक्क आहे.

पातळी अगदी बरोबर असूनही गाडी तापते, अशीही अवस्था असते. पुण्यात नाना पेठेच्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांच्या आसपास रेडिएटरचं काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे जाऊन एक रेडिएटर उघडताना जरूर बघावा. बत्तीच्या ज्योतीनं वरच्या टाकीची शिवण तापवतात, झाळ पातळ होऊन चमकते, आणि चिमट्यानं टाकी उचलली की खाली नळ्यांच्या तोंडांची रांग दिसते. जुन्या गाडीत त्यातली कितीतरी तोंडं पांढऱ्या-तांबूस खरपुडीनं बंद असतात. चपटी पातळ पट्टी एकेका नळीतून खाली घालतात, आधी अडते, मग किंचित करकरत पुढे सरकते, आणि खालून विटकरी चिखल गळतो. याला रॉडिंग म्हणतात. झाल्यावर कोअर उजेडाकडे धरून प्रत्येक नळीतून पलीकडचं दिसतं का ते बघतात. टाकी परत झाळली की तोंडांना रबरी बूच मारून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतात आणि हातपंपानं थोडी हवा भरतात. गळका जोड असेल तिथून सुईएवढ्या बुडबुड्यांची सर वर येते, तिथे खूण करून पुन्हा झाळ. पितळ-तांब्याचा रेडिएटर असा वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहतो. नवा ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा बहुधा फेकूनच द्यावा लागतो. जुना मूळ रेडिएटर भंगारात घालून नवा बसवायची घाई करणाऱ्यांनी आधी या हौदापर्यंत एक चक्कर मारावी.

ती खरपुडी आली कुठून? आपण ओतलेल्या पाण्यातून. दख्खनच्या बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. तापलं की त्यातला चुना नळ्यांच्या आत बसतो. आणि जो दर फेरीनंतर दोन बोटं नवं पाणी घालतो तो दर फेरीला नवा चुनाही घालतो. एकदा भरलेलं पाणी तसंच राहू दिलं तर त्यात होता तेवढाच चुना बसून थांबतो. म्हणून विनाकारण ओतू नये याचं हे दुसरं कारण, पहिल्याइतकंच मोठं. नुसतं डिस्टिल्ड वॉटर हाही उपाय नाही. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि पितळी रेडिएटर एकाच पाण्यात उभे असले की धातू एकमेकांना खातात, आणि ते थांबवणारं रसायन साध्या पाण्यात नसतं. ते कूलंटमध्ये असतं.

आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की कूलंट म्हणजे बर्फाच्या प्रदेशाचं काम, इथे नळाचं पाणी चालतं. गोठण्याची भीती आपल्याला नाही हे खरं. कूलंटमधलं ग्लायकॉल निम्मं घातलं तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, त्याचा उपयोग लडाखला. उलट ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे घाटात निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा पातळ मिश्रण बरं. माझ्या मते महाराष्ट्रात एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण जुन्या गाडीला मानवतं. गंज रोखायला एवढं पुरतं. रंगावर जाऊ नये, रंग हे कसलंच मानक नाही. डब्यावर भारतीय मानक आयएस ५७५९ आणि आत कोणत्या जातीचं रसायन आहे ते वाचावं. नव्या सेंद्रिय आम्लाच्या कूलंटनं जुनी झाळ आणि जुनी पॅकिंग खराब झाल्याचे अनुभव जगभरच्या जुन्या गाडीवाल्यांनी सांगितले आहेत, तेव्हा पारंपरिक प्रकार घ्यावा आणि दोन वर्षांनी न विसरता बदलावा. आणि हे प्रमाण टिकवायचं तर पुन्हा तीच गोष्ट: पाच लिटरमध्ये निम्मं कूलंट असलेल्या गाडीनं दर वेळी १७० मिलिलिटर बाहेर टाकलं आणि मालकानं दर वेळी साधं पाणी भरलं, तर वीस वेळांत कूलंट पन्नास टक्क्यांवरून पंचवीसवर येतं. गाडी एक थेंबही गळत नसते आणि आतून गंजायला लागलेली असते.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात. गाडी तापते म्हणून तो काढून फेकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. इंजिन मग कायम थंड चालतं, ऑइलमध्ये चिखल साठतो, सिलिंडर झिजतात, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून जवळच्या वाटेनं परत फिरतं व गाडी जास्तच तापते. पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगावा. ८० अंशांच्या पुढे तो डोळ्यांदेखत उघडला पाहिजे. न उघडणारा बदलावा.

खरी परीक्षा घाटात. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी कमी गिअरमध्ये, इंजिन जोरात, वेग कमी, म्हणून रेडिएटरमधून वारा कमी. वर लोणावळ्याला, सव्वासहाशे मीटरच्या आसपास, उघडं पाणी ९८ अंशांवरच उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ९५-९६ला. म्हणजे झाकण कमजोर असेल तर ते घाटातच उघडं पडतं. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी, पण एक धोका ओळखून. पातळी सेन्सरच्या खाली गेली की काटा पाणी मोजत नाही, वाफ किंवा हवा मोजतो, आणि चढता चढता अचानक खाली येतो. चढावर काटा विनाकारण उतरला तर तो दिलासा समजू नये, गाडी लगेच बाजूला घ्यावी.

उभी केल्यावर काय? वाफ येत नसेल तर इंजिन झटकन बंद करू नये. पंप थांबला की हेडमधली उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते आणि पाणी इंजिन चालू असतानापेक्षा जास्त तापतं. एक-दोन मिनिटं चालू ठेवावं, हीटर पूर्ण उघडावा. वाफ येऊन पाणी गेलंच असेल तर लगेच बंद, चाकाला दगड, बॉनेट उघडं आणि चांगला अर्धा-पाऊण तास थांबणं. झाकणाला तोवर हात लावायचा नाही. ११० अंशांवर कोंडलेल्या पाच लिटर पाण्याचा दाब एकदम सोडला तर त्यातलं जवळपास ९० ग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं, आणि ती वाफ दीडशे लिटर जागा मागते. तोंड आणि हात भाजलेल्या माणसांना हा आकडा कुणी आधी सांगितला असता तर त्यांनी वाट पाहिली असती. होज हातानं दाबून मऊ लागला, की ओलं जाड फडकं झाकणावर टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवावं, फुसफुस संपू द्यावी, मग काढावं. पाणी भरताना इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं, शक्य तर कोमट. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जातो आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

एवढं सगळं रोज सांभाळणं ज्यांना जमणार नाही त्यांनी बाटली बसवावी. मूळ रूप बिघडतं म्हणून काही जाणकार नाक मुरडतात, मला ते पटत नाही. एकही भोक न पाडता, बॉनेटखाली दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एका पट्टीनं बाटली बसते आणि प्रदर्शनाच्या दिवशी काढताही येते. फक्त झाकण बदलावं लागतं. गळ्याच्या वरच्या काठावर बसणारं दुसरं रबर असलेलं झाकण हवं, नाही तर निवताना रेडिएटर बाटलीतलं पाणी ओढण्याऐवजी हवा ओढतो. गळ्याच्या बाजूची ती ओव्हरफ्लोची नळी बाटलीच्या तळापर्यंत बुडालेली हवी, जोड घट्ट हवेत. मग रेडिएटर खुशाल गळ्यापर्यंत भरावा. फुगलेलं पाणी बाटलीत जातं, निवताना परत येतं. थंड असताना बाटली तिसऱ्या हिश्शाइतकी भरलेली असली की झालं. कामटी मात्र फेकू नये. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं झाकण बिघडल्यावर होतं, म्हणून महिन्यातून एकदा थंड गाडीचं झाकण उघडून आतही बघावं.

बाटलीचा आणखी एक फायदा आहे, आणि घराजवळ गाडी लावणाऱ्यानं तो आधी लक्षात घ्यावा. ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. उघड्या ओव्हरफ्लोतून पार्किंगमध्ये सांडलेलं चमचा-दोन चमचे कूलंट मांजरानं चाटलं तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कुत्र्याला त्याहून जास्त लागतं. सांडलेलं लगेच भरपूर पाण्यानं धुवावं, लहान मुलांच्या हाताला लागेल असा डबा ठेवू नये. दोन वर्षांनी काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही. बुचाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल जिथे गोळा करतात त्या गॅरेजमध्ये द्यायचं.